टॉवेलाखालची बोटं

सांगलीच्या फळमार्केटात मोहिद्दीन बागवान कमी बोलायचे. भाव ठरवायची वेळ आली की खांद्यावरचा पांढरा टॉवेल काढायचे, समोरच्या बागायतदाराच्या हातावर टाकायचे आणि मग त्याखाली दोघांची बोटं बोलायची. कुठल्या बोटाचं कुठलं पेर दाबलं यावर आकडा. भोवती दहा माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळायचा. जमलं तर दोघं हसायचे. नाही जमलं तर मोहिद्दीन काही न बोलता टॉवेल उचलून परत खांद्यावर टाकायचे. त्यांच्याकडून शिवी खाल्लेली परवडली, पण तो उचललेला टॉवेल नको, असं जुने बागायतदार म्हणायचे.

त्या धंद्याचा एकच कायदा होता. तिसऱ्यानं टॉवेलाखाली बघायचं नाही, आणि दिसलंच तर दिसलं नाही असं समजायचं. मोहिद्दीनच्या सख्ख्या भावानं एकदा नुसत्या कोपराच्या हालचालीवरून दुसऱ्याचा भाव ओळखला आणि चहाच्या गाड्यावर बोलून दाखवला. पुढं दोन ईदा मोहिद्दीन त्याच्या घरी शिरखुर्मा प्यायला गेले नाहीत.

आयेशा त्यांची थोरली. शाळेला सुट्टी असली की आंब्याच्या पेट्यांवर बसून असायची. ही बोटं तिला कुणी मुद्दाम शिकवली नाहीत. बापाचा हात हातात धरून चालताना पोरं पाढे म्हणतात, तशी तिनं ती उचलली.

टेनिसही तिला असंच, मालाबरोबर मिळालं. विश्रामबागेतल्या एका क्लबच्या कँटीनला मोहिद्दीन मोसंबी द्यायचे. आयेशा पाटीशेजारी बसून कोर्टाकडं बघत राहायची. तिथल्या सरांनी एक दिवस जुनी रॅकेट हातात दिली, आणि ही मुलगी चेंडू जिथं सांगाल तिथं टाकते हे त्यांच्या लक्षात आलं.

संयोगिता आली ती कोरेगावहून. वडील नाथाजी सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घरचा ऊस, आणि पोरीला काहीतरी करून दाखवायचं ही फौजी खुमखुमी. त्यांनी तिला विश्रामबागेत तिच्या आत्याकडं ठेवलं. अकराव्या वर्षीच ती सरांच्या खांद्याला लागत होती. जाळीपाशी उभी राहिली की समोरच्यांना कोर्ट अर्धं झाल्यासारखं वाटायचं. सरांनी दोघींची जोडी लावली आणि पहिलीच स्पर्धा दोघी हरल्या. कारण सर्व्हिसच्या आधी संयोगिता मागं वळून ओरडायची, "आयशे, मी जाते हां!" आणि ती कुठं जाणार हे पलीकडच्या दोघींना आयतं कळायचं.

डबल्समध्ये जाळीपाशी उभी असलेली खेळाडू पाठीमागं हात धरून मागच्या जोडीदाराला खूण करते. मूठ म्हणजे मी जागेवर, पंजा म्हणजे मी पलीकडं झेपावणार. पण ही खूण साऱ्या जगाला ठाऊक. मागच्या कठड्यावर बसलेल्या कुणालाही वाचता येते. हरल्या त्या रात्री आपल्या घरी जेवताना आयेशानं संयोगिताचा हात ओढून घेतला. "असं नको. अंगठा पेरावर ठेव. या बोटाचं वरचं पेर म्हणजे थांबते. खालचं म्हणजे जाते." लांबून बघणाऱ्याला वाटावं, पोरगी उगीच बोटं चोळतेय.

मोहिद्दीन समोरच जेवत होते. म्हणाले, "बाजाराची बोटं आहेत ती, बेटा. बाहेर काढायची नसतात."

"संयु बाहेरची आहे का, अब्बा?"

त्यावर आयेशाच्या आईनं, अख्तरबींनी, संयोगिताच्या ताटात अजून एक चपाती टाकली, आणि तो विषय तिथंच मिटला. पुढं तर मोहिद्दीनच तिच्याशी खेळायचे. आंब्याच्या दिवसांत संयोगिता दारातूनच ओरडत यायची, "चाचा, आज किती?" आणि त्यांच्या टॉवेलाखाली हात घालायची. ते दाबतील त्या आकड्याइतके आंबे तिचे. ती घासाघीस करायची, नखानं त्यांचा पंजा कुरतडायची आणि शेवटी दोन जास्तच घेऊन जायची.

या बोटांवर दोघी राज्यात पहिल्या आल्या, मग देशात. नाथाजी कोरेगावहून घेवड्याचं पोतं घेऊन यायचे आणि मोहिद्दीनच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "भाई, आमच्या पोरीचं पाय आन् तुमच्या पोरीची बोटं. झाली का न्हाई जोडी?" पुढं दोघी व्यावसायिक झाल्या. ग्वाल्हेर, जोरहाट, थायलंड, ताश्कंद. स्वस्त हॉटेलात एका खोलीत दोघी. एकीच्या बॅगेत अख्तरबींचं लोणचं, दुसरीच्या बॅगेत तिच्या आईच्या, विजयमालाकाकूंच्या, शेंगदाण्याच्या पोळ्या. पेपरात दोघींची नावं एका दमात छापून यायची, जसं एकाच बाईचं नाव-आडनाव असावं. एकेरीत दोघींनाही कुणी विचारत नव्हतं, पण दुहेरीत भारतातल्या पहिल्या दोन-तीन जोड्यांत त्या धरल्या जात.

इकडं मार्केटात उघड बोली सुरू झाली. टॉवेलाखालचे सौदे बंद. मोहिद्दीनचा टॉवेल घाम पुसायला उरला. मॅच मोबाईलवर लागली की ते डोळ्यांजवळ धरून संयोगिताच्या पाठीमागची बोटं बघत आणि अख्तरबींना सांगत, "बघ, आता जाणार." आणि ती जायची. बाजारात मेलेली बोली तेवढ्या एका मुलीच्या पाठीवर शिल्लक होती.

दिवाळीच्या तोंडावर ग्वाल्हेरला आयेशाचा गुडघा गेला. ती नुसती वळली, कुणी धक्काही दिला नाही. मिरजेत ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सहा महिने, नऊ महिने, बघू.

दिवाळी उलटून थंडी पडली तेव्हा संयोगिता घरी आली, आणि बरोबर मिरजेची सिमरन मणेर. पाच-सहा वर्षांनी लहान, अंगात वीज, बोलायला गोड. आयेशाचा पाय उशीवर. संयोगिता त्या उशीपाशीच बसली.

"तू उठेपर्यंत सिमरन खेळेल माझ्याबरोबर. नाहीतर रँकिंगचे सगळे गुण जातील गं, आपली जागाच राहणार नाही. तुझी जागा राखायलाच खेळतोय आम्ही."

"खेळा की. मी कुठं नाही म्हणते?"

"पण हिला खुणा येत नाहीत. मी जाते, ही बघतच राहते."

"दीदी, मला तर आधी वाटलं हिला खाज सुटलीय," सिमरन म्हणाली, आणि तिघी खो खो हसल्या.

आयेशानं शिकवलं. दुपारी दुपारी, सोफ्यावर बसून, सिमरनचा हात आपल्या हातात घेऊन. अख्तरबींनी खिमा केला, सिमरनला दोनदा वाढला. मोहिद्दीन पहिल्या दुपारी दारात आले, सोफ्यावरचे हात बघितले आणि चपला घालून परत मार्केटात गेले. त्या वेळी मार्केट बंद असतं.

रात्री एवढंच म्हणाले, "गाळा भाड्यानं देतात, बेटा. गिऱ्हाईक देत नाहीत."

"अब्बा, संयु आहे ती."

"तेच म्हणतोय."

तिला वाटलं, बापाला बोटांचा मोह सुटत नाही.

सिमरन-संयोगिता जिंकायला लागल्या. आयेशा मोबाईलवर बघायची आणि अंतिम सामन्यानंतर ओरडून फोन करायची. उन्हाळ्यात ती पळायला लागली. "कधीपासून खेळू या?" असं विचारलं की संयोगिता म्हणायची, "बघू गं, सर काय म्हणतात ते." मग म्हणायला लागली, "ही एक स्पर्धा होऊ दे." मग फोन उचलेनाशी झाली आणि नुसते हसरे चेहरे पाठवू लागली. आयेशा त्यालाही कारण शोधायची. प्रवासात असेल. दमली असेल.

संयोगिताचा भाऊ ऋषिराज फौजेत होता. त्याचं लग्न निघालं. आयेशा आदल्या दिवशीच कोरेगावला गेली, घरच्या मुलीसारखी. हळदीच्या सकाळी ती स्वयंपाकघरात विजयमालाकाकूंच्या हाताखाली नारळ खवत होती. काकूंनी एकदम कामाचा हात थांबवून तिच्या गालावरून बोटं फिरवली.

"तुज्यासारकं मन कुणाचं न्हाई बग, आयेशा. आपल्या जागी दुसरीला बसवायची, आन् वर तिला शिकवायचं. माज्यानं झालं नसतं बाई."

"थोड्या दिवसांचंच आहे की, काकू."

"थोड्या दिवसांचं?" काकू गोंधळल्या. "आगं, दिवाळीलाच तर पक्कं केलं न्हवं ह्या तिघांनी? हितंच सोप्यात बसून. संयी, ती सिमरन आन् त्यो जाहिरातवाला. आता कायमचं दोगीच म्हणून. मी संयीला म्हनलं बी, आगं आयेशाला काय वाटंल? तर म्हनली, आई, तिला समदं म्हाईत हाय, तीच शिकवनार हाय सिमरनला."

आयेशा नारळ खवत राहिली. करवंटी लागेपर्यंत खवला, पांढऱ्यात तपकिरी चुरा पडायला लागला तरी.

"आगं, बास की," काकू म्हणाल्या.

संयोगिता परसात होती. पिवळी साडी, अंगभर हळद, हातात मोबाईल. आयेशाला बघून हसली आणि तिचा चेहरा बघून हसू आवरलं.

"दिवाळीला काय ठरलं होतं, संयु?"

"आई बोलली?"

"काय ठरलं होतं?"

"मी सांगणार होते गं."

"कधी? शिकवून झाल्यावर?"

संयोगितानं मोबाईल हौदाच्या कठड्यावर ठेवला. "तुझ्या गुडघ्याचं डॉक्टरच काही सांगत नव्हते. मी तिशीला आले, आयशे. आणखी किती वर्षं आहेत माझी? तो माणूस म्हणाला, पक्की जोडी असेल तरच पैसे घालतो. मी काय करायला पाहिजे होतं? तुझ्या उशाशी बसून राहायला पाहिजे होतं?"

"तसं तोंडावर म्हणायचं होतंस. रडले असते दोन दिवस. पण मग मी सिमरनला बोटं कशाला शिकवली असती?"

"म्हणूनच नाही सांगितलं," संयोगिता म्हणाली.

बोलून गेल्यावर तिलाच ते लागलं असावं, कारण तिनं हात पुढं केला. पण हळदीचा हात. आयेशा मागं सरली. साडीला डाग पडेल म्हणून, असं बघणाऱ्याला वाटलं असतं.

लग्न सोडून आली नाही ती. जेवणावळीत वाढलं, वरमाईबरोबर फोटो काढला, नाथाजींच्या आग्रहाला जिलबीचा तुकडा तोंडात टाकला, आणि मग एसटीनं सांगलीला आली. घरी म्हणाली, "मी दुसरी जोडीदार बघणार आहे." अख्तरबींनी "या अल्ला, का गं?" म्हणून विचारलं.  मोहिद्दीन सकाळी उठून तिच्या गुडघ्याला लावायचा पट्टा कुठं चांगला मिळतो याची चौकशी करायला गेले.

मलकापूरची अर्जुना एकोणीस वर्षांची होती. हात जबरदस्त, तोंड त्याहून. कुजबुजायचं म्हटलं तरी कऱ्हाडच्या स्टँडवर ऐकू जाईल.

"आयेशाताई, मी हिकडं जाऊ का तिकडं?"

"हळू बोल गं, बाई."

"हळूच तर बोलतीय!"

"मला खुणा शिकवा की," ती म्हणायची. "समदी म्हणत्यात, तुमच्याकडं लय भारी खुणा हायेत."

"नाहीत माझ्याकडं," आयेशा सांगायची.

तरीही त्या जिंकू लागल्या. छोट्या स्पर्धा, मग जरा मोठ्या. आयेशाचा चेंडू अजून सांगाल तिथं पडत होता. आणि त्या हिवाळ्यात विश्रामबागेतच व्यावसायिक स्पर्धा भरली. मोसंबीच्या पाटीशेजारी बसून जे कोर्ट बघितलं, त्याच कोर्टावर. सोडतीत संयोगिता-सिमरन वरच्या टोकाला, या दोघी खालच्या टोकाला. अंतिम सामन्यात गाठ पडणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्या क्लबला दिसत होतं. आयेशाला ही एकच मॅच हवी होती. पुढं पायानं दगा दिला तरी चालेल. मोडलेल्या जोडीत निम्मा खेळ कुणाचा होता, हे एकदा सगळ्यांना दिसू दे.

अंतिम सामन्याला मोहिद्दीन कोर्टाच्या मागच्या बाजूला, जाळीच्या कुंपणाला लागून खुर्ची टाकून बसले. खांद्यावर टॉवेल. पहिला सेट संयोगिता-सिमरनचा. त्यांचं सगळं इतकं जुळून येत होतं की आयेशाला आपलाच जुना खेळ समोरून बघितल्यासारखं झालं. संयोगिताचा हात पाठीमागं जायचा. समोरून तिचं फक्त कोपर दिसायचं, बारीक हलणारं.

दुसरा सेट आयेशा-अर्जुनानं काढला. अर्जुनाच्या आरोळ्यांना लोक हसत होते, पण तिच्या फटक्यांना हसण्यासारखं काही नव्हतं. आता दहा गुणांचा निर्णायक टायब्रेक. त्याआधीच्या विश्रांतीत आयेशा पाण्याची बाटली घेऊन कुंपणापाशी गेली. संयोगिताचा हात पाठीमागं काय बोलतो, ते या खुर्चीतून मोहिद्दीनना सरळ दिसत होतं. समोरच्या कोर्टावर उभ्या असलेल्या आयेशाला मोहिद्दीन दिसत होते. मधे कुणी नव्हतं. बाहेरून सांगण्याचे नियम हल्ली सैल झालेत. कुणी त्यांना अडवलं नसतं.

"अब्बा, तुम्हाला दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग मला दाखवा. नुसता अंगठा हलवा. मी बघेन."

मोहिद्दीननी तिच्याकडं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ तिला तेव्हा लागला नाही.

"ती बोटं चोरीची आहेत, अब्बा."

"चोरीची नाहीत, बेटा. तू दिलीस."

पंचांनी पुकारलं. ती वळली. जागेवर जाऊन उभी राहिली आणि मान वर केली, तर मोहिद्दीन खुर्ची उचलून चालले होते. कोर्टाला वळसा घालून ते तिच्याच मागच्या बाजूला येऊन बसले, जिथून संयोगिताची पाठ दिसायची नाही आणि आयेशालाही मान वळवल्याशिवाय बाप दिसायचा नाही. बाजू बदलल्या तेव्हा ते पुन्हा उठले आणि पुन्हा तिच्या मागं आले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागतंय.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि राग आला तो संयोगिताचा नाही, त्यांचा. गेलेल्या बाजाराचा कायदा त्यांना पोरीपेक्षा मोठा होता.

आठ-आठ. मग आठ-नऊ. समोर मॅचचा गुण, सिमरनची सर्व्हिस, संयोगिता जाळीपाशी. कोपर हललं. आयेशाला बोट दिसायची गरज वाटली नाही. वीस वर्षं ती या मुलीच्या मागं उभी होती. अडलेल्या गुणाला संयोगिता कधी थांबत नाही, झेपावतेच. म्हणजे तिची जागा रिकामी होणार. आयेशानं सर्व्हिस परतवली ती सरळ त्या रिकाम्या होणाऱ्या जागेत.

संयोगिता हललीच नव्हती. चेंडू तिच्या रॅकेटवर चालत गेल्यासारखा गेला. तिनं तो अर्जुनाच्या पायापाशी ठेवला आणि सामना संपला.

जाळीपाशी हात मिळवताना संयोगितानं आयेशाला जवळ ओढलं. तिला खरंच भरून आलं होतं. हसत, घाम पुसत म्हणाली, "चाचा मागं बसले होते ना, म्हणून आम्ही पहिल्यापासून बोटं उलटी ठेवली होती. थांबते म्हणजे जाते. म्हटलं, पोरीसाठी माणूस काय करणार नाही! रागावू नको हां."

 रागवायला आयेशाला तोंडच उरलं नव्हतं, हे संयोगिताला कुठं ठाऊक होतं?

बक्षीस घेऊन संयोगिता थेट मोहिद्दीनकडं गेली. त्यांनी टॉवेल मांडीवर घेतला होता. ती गुडघ्यावर बसली आणि लहानपणीसारखा हात त्याखाली घातला. "चाचा, आज किती?"

आजूबाजूचे लोक कौतुकानं बघत होते. कुणीतरी फोटोही काढला. मोहिद्दीनचा हात टॉवेलाखाली होता, पण तो हलला नाही. संयोगिता हसत वाट बघत राहिली. मग त्यांनी टॉवेल उचलला, खांद्यावर टाकला आणि उठले. तिचा हात तसाच उघडा पुढं राहिला.

स्कूटर त्यांनी गेटाबाहेर लावली होती. आयेशा रॅकेटची पिशवी घेऊन आली, तेव्हा ते किक मारायच्या तयारीत होते.

"बोटं उलटी केली होती तिनं," ते म्हणाले. "पहिल्याच गेमला कळलं मला. थांबते म्हणायची आणि जायची. म्हटलं, का बरं? मग लक्षात आलं. मी बसलोय म्हणून."

"अब्बा—"

"ठीक आहे. ती परक्याची लेक. पण तू आलीस आणि म्हणालीस, दाखवा."

एवढंच बोलून त्यांनी किक मारली. तिच्याकडं वळून बघितलं नाही. स्कूटर एका किकेत सुरू होत नाही, तशी आजही झाली नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी झाली.

आयेशा मागं बसली. लहानपणापासून ती त्यांच्या खांद्यावर, टॉवेलावर हात ठेवून बसायची. आज हात तिथपर्यंत गेला आणि परत आला. तिनं मागचं कॅरियर धरलं. विश्रामबागेपासून मार्केटपर्यंत रस्ता खोदलेला आहे. प्रत्येक खड्ड्याला गुडघ्यातून कळ येत होती, आणि मोहिद्दीन नेहमीसारखं "सांभाळून बस" म्हणाले नाहीत.